वारस सापडेना, पुस्तक छापवेना

शेतजमिनीचा खातेदार मरण पावला म्हणजे त्याच्या वारसांची नोंद व्हावी लागते. फेरफार होतो, हरकतींसाठी मुदत दिली जाते आणि कालांतराने सातबाऱ्याच्या उताऱ्यावर नवी नावे चढतात. या पद्धतीत दिरंगाई आहे, भाऊबंदकी आहे, दोषही पुष्कळ आहेत. परंतु दहा गुंठे जमिनीचा मालक कोण, हे विचारण्यासाठी कोठे जावे हे निरक्षर शेतकऱ्यालाही ठाऊक असते. बँकेतील ठेवीचीही तीच गोष्ट. दहा वर्षे कोणी न विचारलेली ठेव २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागृती निधीत जमा होते आणि खरा वारस पुढे आला तर त्याला ती केव्हाही परत मिळू शकते. मालमत्तेचा एक प्रकार मात्र असा आहे की, जिच्या मालकाची नोंद ठेवण्याचे बंधन कोणावरही नाही, मालक बदलला तर तो कळवण्याचे बंधन नाही, आणि तरीही मालकाच्या संमतीवाचून तिला हात लावणे हा फौजदारी गुन्हा आहे. ही मालमत्ता म्हणजे ग्रंथाचा स्वामित्वहक्क, ज्याला व्यवहारात आपण कॉपीराइट म्हणतो.

प्रस्तुत लेखकापुढे हा प्रश्न एका लहानशा पुस्तकामुळे उभा राहिला. यवतमाळ जिल्ह्यातील एका सार्वजनिक वाचनालयात, जुन्या कपाटातील गठ्ठ्यात, १९५२ साली छापलेले शंभरएक पानांचे एक पुस्तक हाती लागले. लेखक प्राथमिक शाळेतील शिक्षक; विषय आपल्या भागातील आठवडी बाजार, सावकारी आणि शेतमजुरी. कापसाची गाडी जिनापर्यंत नेण्यास काय भाडे पडे, सालदाराला वर्षाकाठी किती ज्वारी व किती रोख मिळे, सणासुदीला काढलेल्या कर्जावर व्याज कसे आकारले जाई, बैलजोडी कोणत्या महिन्यात स्वस्त होई, हे सारे त्या गुरुजींनी स्वतः बाजारात बसून टिपलेले होते. भाषा साधी, आकडे चोख. आपल्याच जिल्ह्याच्या त्या काळातील अर्थव्यवहाराची इतकी जवळून ओळख करून देणारे दुसरे पुस्तक माझ्या पाहण्यात नाही. कागद इतका जीर्ण की, पान उलटताना कोपरा हातात यावा.

शोधाची कथा

विद्यार्थ्यांसाठी या पुस्तकाच्या पाचशे प्रती छापाव्यात, असे मनात आले. प्रकाशकाने पहिलाच प्रश्न केला : ‘परवानगीचा कागद कोठे आहे?’ प्रश्न रास्त होता. मुखपृष्ठाच्या मागील पानावर ‘सर्व हक्क लेखकाधीन’ असे स्पष्ट छापलेले होते आणि खाली छापखान्याचा पत्ता होता, ‘मध्य प्रदेश’ राज्यातला. कारण १९५२ मध्ये यवतमाळ जिल्हा त्याच राज्यात होता. पुढे १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, आणि या प्रवासात तो छापखाना केव्हा बंद पडला हे सांगणारे आता कोणी उरलेले नाही. त्या जागी आज मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे.

गुरुजींची चौकशी केली. जुन्या शिक्षकांपैकी एकाने सांगितले की, निवृत्तीनंतर ते मुलीकडे नागपूरला गेले. दुसऱ्याने सांगितले की, मुलगा सुरतेच्या गिरणीत होता. मुलीचे सासरचे आडनाव कोणाला आठवेना. पत्रे पाठवली, ती परत आली. एका कचेरीत जुन्या सेवापुस्तकाची विचारणा केली; ‘इतके जुने दप्तर येथे नसते’ असे उत्तर मिळाले. दोन वर्षांच्या खटपटीनंतर गुरुजी केव्हा वारले हेदेखील कळू शकले नाही.

या काळात सर्वांत अधिक वेळा मिळालेला सल्ला असा : ‘छापून टाका हो, कोण विचारतो?’ हा सल्ला देणारी माणसे वाईट नव्हती. पण कायद्याच्या ६३व्या कलमाप्रमाणे स्वामित्वहक्काचा जाणूनबुजून भंग केल्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. प्रश्न केवळ शिक्षेच्या भीतीचा नाही. विद्यार्थ्यांना प्रामाणिकपणा शिकवणाऱ्याने दुसऱ्याची वस्तू, मालक घरी नाही एवढ्याच सबबीवर उचलावी काय? ज्या कायद्यामुळे बेफिकीर मनुष्याचे काम बिनबोभाट होते आणि नियम पाळू पाहणाऱ्याचे अडते, त्या कायद्याची रचना पुन्हा तपासली पाहिजे.

हक्काची मुदत

१९५७ च्या कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. यवतमाळकरांच्या परिचयाची उदाहरणे घेऊ. लोकनायक बापूजी अणे १९६८ मध्ये निवर्तले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरील हक्क २०२८ अखेर संपेल. यवतमाळला १९७३ साली भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष ग. दि. माडगूळकर १९७७ मध्ये गेले. त्यांच्या लेखनावरील हक्क २०३७ अखेरपर्यंत आहे. अशा नामवंतांच्या बाबतीत अडचण नसते. त्यांच्या मृत्यूची तारीख शाळकरी मुलालाही शोधता येते आणि कोणाकडे परवानगी मागावी हेही समजते.

अडचण आहे ती अप्रसिद्ध लेखकांची. १९५२ साली तिशीत असलेला लेखक २००० साली वारला असे धरले, तर त्याच्या पुस्तकावरील हक्क २०६० अखेर संपेल. म्हणजे काहीशे प्रती खपलेले पुस्तक एकशेआठ वर्षे बंद कपाटात. मृत्यूचे वर्षच ठाऊक नसेल, तर कुलूप केव्हा निघेल हे कोणालाच सांगता येणार नाही. याहून चमत्कारिक गोष्ट अशी की, त्याच गुरुजींनी पुस्तक निनावी छापले असते, तर प्रकाशनानंतर साठ वर्षांनी, म्हणजे १ जानेवारी २०१३ रोजी, ते सर्वांना मोकळे झाले असते. त्यांनी स्वतःचे नाव घातले, लिहिलेल्या शब्दाची जबाबदारी घेतली, म्हणून ते अडकून पडले.

मुदत साठ वर्षांची कशी झाली, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. पूर्वी ती पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ मध्ये गेले. १९९१ अखेर त्यांच्या साहित्यावरील हक्क संपत होता. विश्वभारतीकडे असलेला हा हक्क टिकावा या हेतूने मुदत दहा वर्षांनी वाढवण्यात आली आणि १९९२ च्या दुरुस्तीने ती कायम झाली. एका महाकवीच्या मागे समर्थ संस्था उभी होती, म्हणून झालेली ही वाढ ज्यांच्या मागे कोणीच उभे नव्हते अशा असंख्य लेखकांनाही लागू झाली. विश्वभारतीला तिचा लाभ झाला. गुरुजींच्या पुस्तकाच्या कोंडवाड्याला फक्त दहा वर्षांचे आणखी एक कुंपण पडले.

ताराबाईंचे पुस्तक

बेपत्ता पुस्तक पुन्हा छापल्याने काय साधते, असे कोणी विचारील. त्याला वऱ्हाडातूनच उत्तर देता येते. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा निबंध प्रसिद्ध केला. महात्मा फुले यांनी ‘सत्सार’मध्ये त्याची बाजू घेतली. त्यानंतर पुस्तक विस्मृतीत गेले. ते प्रा. स. गं. मालशे यांनी शोधून काढून १९७५ मध्ये पुन्हा प्रसिद्ध केले आणि सुमारे नऊ दशके कोणाच्या वाचनात नसलेली ही बाई मराठी स्त्रीविचाराच्या आरंभी जाऊन बसली. १९९४ मध्ये रोझालिंड ओहॅन्लन यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले. आज भारतीय स्त्रियांच्या चळवळीचा इतिहास या पुस्तकाला टाळून लिहिता येत नाही.

ताराबाईंच्या मृत्यूचे वर्षदेखील १९१० असे अंदाजानेच सांगितले जाते. पुस्तक एकोणिसाव्या शतकातले, म्हणून मालशे यांना कोणाचे दार ठोठवावे लागले नाही. हेच पुस्तक एखाद्या ताराबाईने १९३५ मध्ये किंवा १९५५ मध्ये लिहिले असते आणि तिच्या माघारी तिचा ठावठिकाणा सांगणारे कोणी राहिले नसते, तर आजच्या मालशे यांचे हात बांधले गेले असते. अशी पुस्तके, नाटके, पोवाड्यांच्या चोपड्या, छायाचित्रे गावोगावच्या वाचनालयांत आणि घरोघरच्या ट्रंकांत नाहीत, असे कोण म्हणू शकेल?

येथे आपल्या जिल्ह्यातील एक विरोधाभास नजरेत भरतो. यवतमाळच्या शारदाश्रमाने आणि डॉ. य. खु. देशपांडे यांनी महानुभाव पंथाच्या पोथ्यांचे संशोधन करून मराठीची मोठी सेवा केली. त्या पोथ्यांतील कित्येकांना सांकेतिक लिपीचे कुलूप होते. विद्वानांनी ते कष्टाने उघडले. आज तेराव्या शतकातील ‘लीळाचरित्र’ कोणीही छापावे, अभ्यासावे, स्वस्तात विकावे. परंतु सत्तर वर्षांपूर्वीचे बाजारहाटावरचे पुस्तक छापता येत नाही. यादवकाळ आपल्याला मोकळा आहे आणि आजोबांचा काळ बंद आहे.

कायद्यात दार आहे, पण

कायदा या प्रश्नाबाबत अगदीच मुका आहे असे नाही. १९८३ च्या दुरुस्तीने ३१-अ हे कलम घातले गेले. आरंभी ते केवळ अप्रकाशित भारतीय साहित्यापुरते होते. २०१२ मध्ये प्रकाशित साहित्यही त्यात आले. लेखक मृत वा अज्ञात असेल, त्याचा माग लागत नसेल किंवा हक्काचा मालक सापडत नसेल, तर कोणाही व्यक्तीला ते साहित्य किंवा त्याचे भाषांतर प्रसिद्ध करण्याचा परवाना मागता येतो. परवाना देताना रॉयल्टीची रक्कम ठरवली जाते, ती सरकारी खात्यात ठेवता येते आणि मालक किंवा त्याचे वारस पुढे आले तर त्यांना ती केव्हाही मिळू शकते. तत्त्व उत्तम आहे. मालकाचा हक्क शाबूत, वाचकाची सोय आणि प्रामाणिक प्रकाशकाला संरक्षण, अशा तिन्ही गोष्टी त्यात आहेत.

परंतु दार बांधले आहे ते कोठे आणि किती उंचीवर, हे पाहिले पाहिजे. अर्ज करण्यापूर्वी अर्जदाराने आपला मनोदय जाहीर करावयाचा असतो. तो देशाच्या बहुतेक भागांत खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात. भाषांतराचा परवाना हवा असेल, तर त्या भाषेच्या दैनिकातही जाहिरात द्यावी लागते. मूळ मराठी पुस्तक मराठीतच छापावयाचे असेल, तर मात्र मराठी दैनिकात जाहिरात देण्याची सक्ती नाही! गुरुजींची नात दिग्रसला असो, पुसदला असो की नागपूरला, ती सकाळी कोणते वर्तमानपत्र उघडत असेल? जमिनीच्या व्यवहाराची जाहीर नोटीस आपण मराठी दैनिकांत रोज वाचतो, कारण हरकत घेणारा माणूस तेच वाचतो. पुस्तकाच्या बाबतीत मात्र नोटीस अशा ठिकाणी लावली जाते की, जेथे मालक फिरकण्याचा संभव सर्वांत कमी. शोधाचा देखावा होतो. शोध होत नाही.

दुसरी गोष्ट खर्चाची. समजा, पाचशे प्रती काढल्या, किंमत एकशेवीस रुपये ठेवली आणि सर्व प्रती खपल्या. विक्री साठ हजारांची झाली आणि दहा टक्क्यांनी रॉयल्टी सहा हजार रुपये झाली. इंग्रजी दैनिकाच्या देशभरच्या आवृत्त्यांतील जाहिरात, वकिलाचे शुल्क आणि प्रवास यांचा खर्च या सहा हजारांच्या कितीतरी पट होईल. ज्या परवान्याचे मूल्य सहा हजार, तो मिळवण्यासाठी त्याहून अधिक रक्कम खर्च करण्यास कोणताही शहाणा प्रकाशक तयार होणार नाही. अशा स्थितीत कायदा कागदावर राहतो आणि पुस्तक कपाटात राहते.

तिसरी गोष्ट अर्ज कोणाकडे करावा याची. पूर्वी हे काम कॉपीराइट मंडळाकडे होते. २०१७ मध्ये ते बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे गेले. २०२१ मध्ये ते मंडळही बंद झाले आणि अधिकार न्यायालयांकडे आले. आधीच खटल्यांच्या ओझ्याखाली वाकलेल्या न्यायालयापुढे शंभर पानांच्या पुस्तकाचा अर्ज घेऊन जाणे, हा पाचशे प्रतींच्या प्रकाशनाचा मार्ग नव्हे. शिवाय प्रकाशित साहित्य जनतेपासून रोखून ठेवलेले असावे, असेही शब्द त्या कलमात आहेत. गुरुजींचे पुस्तक कोणी रोखून धरलेले नाही. ते देणारेच कोणी उरले नाही. या दोन स्थिती कायद्याच्या दृष्टीने एकच की वेगळ्या, यावर वकिलांना पुष्कळ काळ वाद घालता येईल.

कायद्याने थोडी सवलत दिली आहे, तीही नमूद केली पाहिजे. बाजारात न मिळणाऱ्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःच्या उपयोगासाठी काढता येतात आणि २०१२ पासून जतनासाठी संगणकीय प्रतही ठेवता येते. म्हणजे पुस्तक जपता येते. पण वाटता येत नाही. काही वर्षांपूर्वी ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या सरकारी उपक्रमाने लक्षावधी जुन्या ग्रंथांची पाने संगणकावर चढवली होती. २०१७ च्या सुमारास स्वामित्वहक्काच्या तक्रारींमुळे ते संकेतस्थळ बंद झाले. कोणत्या ग्रंथाचा हक्क जिवंत आणि कोणाचा संपलेला, याची खात्रीची नोंद असती तर सुक्याबरोबर ओले जळले नसते.

हक्क आहे, उपयोग नाही

अर्थशास्त्रात गॅरेट हार्डिन यांचा १९६८ सालचा सिद्धान्त प्रसिद्ध आहे : ज्या कुरणाला मालक नाही, ते सर्वजण मिळून उजाड करतात. तीस वर्षांनी, १९९८ मध्ये, मायकेल हेलर यांनी त्याची दुसरी बाजू दाखवली. साम्यवादी राजवट कोसळल्यानंतर मॉस्कोतील दुकाने रिकामी होती आणि दुकानांसमोरच्या टपऱ्या मालाने भरल्या होत्या. कारण दुकानावर इतक्या जणांचे निरनिराळे हक्क होते की, सर्वांची संमती मिळवणे अशक्य होते. हक्क फार असले किंवा हक्कदार सापडत नसला, तर मालमत्ता वापराविना वाया जाते. यवतमाळकरांना हे समजण्यासाठी मॉस्कोला जाण्याचे कारण नाही. ‘शकुंतला’ रेल्वेच्या मार्गाची मालकी एका खासगी कंपनीकडे आणि गाडी चालवणे भारतीय रेल्वेकडे, अशा व्यवस्थेत त्या रुळांची काय दशा झाली, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे.

नोंदवहीच नसणे, हे या दुखण्याचे मूळ आहे. आंतरराष्ट्रीय बर्न कराराप्रमाणे स्वामित्वहक्क लेखनाबरोबरच जन्मतो. त्यासाठी नोंदणी लागत नाही. लेखकाच्या दृष्टीने ही सोय योग्यच आहे. परंतु १८६७ च्या मुद्रणालये व पुस्तक नोंदणी कायद्यात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद करताना स्वामित्वहक्काच्या मालकाचे नाव आणि राहण्याचे ठिकाण लिहिण्याची तरतूद होती व त्या नोंदी दर तिमाहीस राजपत्रात प्रसिद्ध होत. परकीय सत्तेने हे पाळत ठेवण्यासाठी केले हे खरे. परंतु आज संशोधकाला त्याच याद्यांचा आधार वाटतो. त्या कायद्याची जागा घेणारा नियतकालिकांचा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून अमलात आला. त्यात पुस्तकांना स्थान नाही. जी एक खिडकी होती, तीही मिटली.

इतर देशांचा अनुभव

हा प्रश्न केवळ आपला नाही. कॅनडामध्ये प्रकाशित साहित्याचा मालक वाजवी प्रयत्न करूनही सापडत नसेल, तर तेथील कॉपीराइट मंडळ परवाना देते. मालक पुढे आल्यास परवान्याची मुदत संपल्यानंतर पाच वर्षांपर्यंत त्याला रॉयल्टी मागता येते. युरोपीय संघाने २०१२ मध्ये ग्रंथालये, संग्रहालये व शिक्षणसंस्था यांच्यासाठी नियम केले. एका देशात काळजीपूर्वक शोध झाला, तो सामायिक नोंदवहीत लिहिला गेला की, इतर देशांत तोच शोध पुन्हा करावा लागत नाही. ब्रिटनने २०१४ पासून बौद्धिक संपदा कार्यालयामार्फत सात वर्षांपर्यंतचा परवाना देण्याची योजना सुरू केली. यापैकी कोठेही मालकाचा हक्क काढून घेतलेला नाही.

तथापि दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. अमेरिकेत २०११ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या पुढाकाराने ‘हाथीट्रस्ट’ या ग्रंथालयसंघाने मालक न सापडणाऱ्या पुस्तकांची यादी तयार केली. लेखकांच्या संघटनेने थोडासा शोध घेतला, तेव्हा यादीतील जे. आर. सालामांका हे कादंबरीकार हयात असल्याचे आढळले. विद्यापीठाला योजना थांबवावी लागली. ‘सापडत नाही’ या शब्दांचा अर्थ पुष्कळदा ‘शोधले नाही’ असाच असतो.

आपल्याकडे तर ही भीती अधिक खरी आहे. मोठ्या लेखकाचा वारस सापडतो. शाहिराचा, शेतमजूर कवीचा, लग्नानंतर नाव बदललेल्या लेखिकेचा सापडत नाही. परवाने सैल झाले, तर सर्वांत आधी त्यांच्याच लेखणीवर दुसऱ्याची दुकाने उभी राहतील. तेव्हा ‘पुस्तके मोकळी करा’ एवढी घोषणा पुरेशी नाही. शोध खरा व्हावा, तो मालकाच्या भाषेत व्हावा आणि मालकाचा पैसा सुरक्षित राहावा, या अटी आधी आल्या पाहिजेत.

काय करता येईल?

पहिली सुधारणा अगदी साधी आहे. ज्या भाषेत पुस्तक लिहिले गेले, त्या भाषेच्या दैनिकात आणि लेखक जेथे राहत होता त्या जिल्ह्यात नोटीस प्रसिद्ध झालीच पाहिजे. तीच नोटीस त्या गावच्या वाचनालयात व ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी. इंग्रजी दैनिकाची सक्ती परभाषिक वाचकवर्ग असलेल्या ग्रंथापुरती ठेवावी.

दुसरी : हजारपर्यंत प्रतींच्या, शैक्षणिक किंवा ना-नफा आवृत्तीसाठी न्यायालयाचा मार्ग नको. कॉपीराइट निबंधकाने ठराविक दराची रॉयल्टी आगाऊ भरून घ्यावी आणि ठराविक मुदतीत परवाना द्यावा. वारस आला तर त्याला जमा रक्कम मिळावी आणि पुढील आवृत्ती त्याच्या संमतीनेच निघावी. बँकेच्या बेवारस ठेवींना जो न्याय आपण लावला, तोच येथे लावावयाचा आहे.

तिसरी सुधारणा नोंदवहीची. स्वामित्वहक्क हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे केंद्राचा विषय आहे. परवाने देण्याचे अधिकार राज्याला घेता येणार नाहीत. परंतु शोध घेऊन त्याची नोंद ठेवण्यास राज्याला कोणाची आडकाठी आहे? राज्य मराठी विकास संस्था किंवा साहित्य आणि संस्कृती मंडळ यांनी मराठी लेखकांच्या जन्ममृत्यूच्या तारखा, शेवटचा पत्ता, ज्ञात वारस आणि आजवर झालेला शोध यांची खुली नोंदवही सुरू करावी. एकदा झालेला शोध दुसऱ्याला उपयोगी पडेल आणि वारसालाही आपल्या आजोबांचे नाव तेथे आढळेल.

शेवटची गोष्ट सरकारची नव्हे, आपली आहे. यवतमाळने १९७३ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये साहित्य संमेलन भरवले. ग्रंथप्रेमाची आपल्याकडे वाण नाही. लेखन करणाऱ्याने मृत्युपत्रात शेतीवाडी आणि दागिने यांच्याबरोबर आपल्या लेखनाचा हक्क कोणाला, ही एक ओळ लिहावी. हक्क कोणालाच नको असेल, तर तो सोडून देण्याचीही सोय कायद्याच्या २१व्या कलमात आहे. ग्रंथपालांनी दाखल नोंदवहीत स्थानिक लेखकाच्या नावापुढे त्याचा पत्ता आणि हयात नातलगाचे नाव टिपून ठेवावे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना एका सुट्टीत एवढेच काम द्यावे की, आपल्या गावात कोणी कोणी पुस्तक लिहिले, ते कोठे आहे आणि त्यांच्या घरचे आज कोठे राहतात, हे विचारून या. दहा वर्षांनी ही माहिती सांगणारे वृद्ध असणार नाहीत.

गुरुजींचे पुस्तक अजून त्याच कपाटात आहे. वाचनालयाने कायद्याच्या मर्यादेत त्याची प्रत काढून घेतली, एवढेच समाधान. त्यांनी बाजारात बसून आकडे टिपले, ते कोणी तरी वाचावे म्हणूनच टिपले असतील. त्यांच्या कुटुंबातील कोणी आज हयात असेल, तर त्याला या पुस्तकाची आठवण असेल का, त्याला त्यावरील आपल्या हक्काची कल्पना असेल का, हे ठाऊक नाही. कायदा सांगतो की, त्याला शोधण्यासाठी इंग्रजी दैनिकात जाहिरात द्या. तो मराठी वर्तमानपत्र वाचत असण्याचा संभव अधिक आहे. निदान आजच्या वाचकांनी संध्याकाळी घरातील वडीलधाऱ्यांना एक प्रश्न विचारावा : आपल्या घरात कोणी पुस्तक लिहिले होते का?